तीन कोटेशनं आली, पण जोखीम कुणी मोजली?

एप्रिल-मे महिना आला की आपल्याकडे घराघरांत चटणीची गडबड सुरू होते. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, जवारी किती, हा हिशेब प्रत्येकीचा ठरलेला असतो. मिरची नुसती भाव बघून कुणी घेत नाही. देठ मोडून बघायचा, मूठभर मिरची हातात घेऊन वाजते का ते ऐकायचं, ओलसर तर नाही ना याची खात्री करायची. कारण चटणी वर्षाची असते. ती बिघडली तर वर्षभर प्रत्येक जेवणाला आठवण येणार! त्याच बाजारात कोथिंबिरीची पेंडी मात्र आपण उभ्याउभ्या घेतो. खराब निघालीच तर जाणार किती, दहा-वीस रुपये.

आता गॅसच्या नळीचं बघा. शेगडीच्या आणि सिलिंडरच्या मानाने ती किती स्वस्त! तरी ती घेताना आपण आयएसआयचा शिक्का बघतो, वर छापलेली मुदत बघतो. आणि हॉलमधला सोफा? तो पंचवीस-तीस हजारांचा असतो. पण रंग चुकला तर पाहुण्यांसमोर जरा ओशाळायला होईल, एवढंच. म्हणजे वस्तूची किंमत वेगळी आणि तिच्यातली जोखीम वेगळी. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मग हेच शहाणपण शाळा, कॉलेज, विद्यापीठ अशा संस्थांच्या खरेदीत का दिसू नये? तिथे बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो, "रक्कम किती?" रक्कम लहान असली की सही लवकर होते, मोठी असली की फाईल फिरते. जोखीम मोजायला मात्र कुणालाच सवड नसते.

हा विषय आपला कसा?

तुम्ही म्हणाल, विद्यापीठाच्या खरेदीशी आपला काय संबंध? अहो, खूप आहे! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं ठरवून दिलंय. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. बचत गट आहेत, महिला मंडळं आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणी आज कुठल्या ना कुठल्या कमिटीवर आहेत. समोर 'तुलनात्मक तक्ता' येतो, तीन दुकानांचे तीन दर असतात, सर्वांत कमी दराभोवती गोल केलेला असतो आणि "वहिनी, इथं सही करा" म्हणून बोट दाखवलं जातं.

शिवाय आपल्या मुली तिथे शिकतात. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात पहिलं वसतिगृह उघडलं आणि पुढे हे गाव वसतिगृहांचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला स्थापन झालेलं शिवाजी विद्यापीठ आज कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना सांभाळतं. गडहिंग्लज, इस्लामपूर, कराड, फलटण अशा गावांतून मुली पदवीचं स्वप्न घेऊन येतात. त्यांच्या उत्तरपत्रिकेचा कागद, प्रयोगशाळेतलं ॲसिड, हॉस्टेलवरचं पाणी, मेसमधलं तेल, परीक्षेचा निकाल देणारी संगणक यंत्रणा, हे सगळं कुणीतरी मागणी करून, कुणीतरी मंजूर करून विकत घेतलेलंच असतं.

फाईलचा प्रवास

ही खरेदी होते कशी? साधारण सगळीकडे पद्धत सारखीच. एखाद्या विभागाला वस्तू हवी असली की तिथून मागणीपत्र निघतं. विभागप्रमुखांची सही होते. त्या कामासाठी अंदाजपत्रकात तरतूद आहे का ते लेखा विभाग बघतो. मग रकमेप्रमाणे कोटेशनं मागवायची की टेंडर काढायचं ते ठरतं. दर आले की तक्ता, कमिटी, मंजुरी, पुरवठा आदेश. माल आला की तपासणी, साठा नोंदवहीत नोंद, बिल, आणि शेवटी ऑडिट.

नियम कमी नाहीत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत मुळात अशी आखणी होती: २५ हजारांपर्यंत कोटेशनशिवाय खरेदी, त्यापुढे अडीच लाखांपर्यंत तिघांच्या स्थानिक खरेदी समितीने बाजारात चौकशी करून खरेदी, आणि २५ लाखांच्या वर जाहीर टेंडर. या मर्यादा पुढे वेळोवेळी बदलत गेल्या. महाराष्ट्र शासनानेही १ डिसेंबर २०१६ ला आपलं खरेदी धोरण आणि नियमपुस्तिका काढली. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात तर मोठ्या खरेदीसाठी कुलगुरूंच्या अध्यक्षतेखाली खरेदी समिती सांगितली आहे.

हे नियम हवेतच. त्यांच्यामुळे चोरी, वशिला आणि मनमानीला आळा बसतो. पण नीट बघा, या सगळ्या पायऱ्या रुपयांवर आखलेल्या आहेत. दोन लाखांची कपाटं आणि दोन लाखांची वीजजोडणी या नियमाच्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. कपाटाचं दार निखळलं तर सुतार येईल. वायरिंग निकृष्ट निघालं तर? हा फरक माणसानेच ओळखायचा असतो.

मुंबईत काय घडलं?

फरक ओळखला नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०१७ च्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. बाहेरच्या कंपनीला काम देण्यात आलं. कल्पना चांगली होती. गठ्ठे इकडून तिकडे न्यायला नकोत, बेरजेच्या चुका नकोत, निकाल लवकर. पण उत्तरपत्रिका होत्या सतरा लाखांच्या घरात, परीक्षा पावणेपाचशेच्या आसपास, आणि हा सगळा घाट घातला ऐन परीक्षेच्या हंगामात.

आता त्या कामात किती टप्पे होते ते मोजा. प्रत्येक पान स्कॅन व्हायला हवं. ते योग्य विषयाच्या योग्य शिक्षकाकडे जायला हवं. त्या शिक्षकाला संगणकावर तपासायची सवय हवी. केंद्रावर संगणक हवेत, इंटरनेट हवं. एकही कडी निसटली की पुढचं सगळं अडणार. आणि तसंच झालं. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही टळली. सगळे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला. कायदा आणि वाणिज्य शाखेची मुलं सर्वांत जास्त रखडली. काही उत्तरपत्रिका सापडेनात म्हणून सरासरी गुण द्यायची पाळी आली. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या, हातातली संधी गेली, आणि घरी आईवडिलांनी रोज "लागला का गं निकाल?" विचारायचं! ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठावर ही वेळ यावी, यासारखं दुर्दैव नाही.

इथे टेंडर निघालं होतं, दर आले होते, कागदावर पायऱ्या पूर्ण होत्या. पण "हे बंद पडलं तर दुसरी वाट काय?" आणि "आधी एका छोट्या परीक्षेवर करून बघूया का?" हे दोन प्रश्न जेवढ्या जोरात विचारायला हवे होते, तेवढे विचारले गेले नाहीत. नव्या पद्धतीने पापड करायचे तरी आपण आधी चार करून बघतो. पन्नास किलोचं पीठ एकदम भिजवत नाही.

दिल्लीचं भंगार

दुसरं उदाहरण दिल्लीचं, आणि ते जास्त भयंकर आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात किरणोत्सर्गाच्या प्रयोगांसाठी एक यंत्र होतं. १९६८ च्या सुमारास कॅनडातून आणलेलं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. १९८५ नंतर ते वापरात नव्हतं, कोपऱ्यात पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला. भंगारवाल्याने ते मायापुरीच्या बाजारात नेलं, तिथे कामगारांनी ते तोडलं. आत काय आहे हे त्या गरिबांना कुठून कळणार? एप्रिलमध्ये एकामागून एक माणसं आजारी पडली. अंग भाजल्यासारखं, केस गळतायत, उलट्या होतायत. एका कामगाराचा जीव गेला.

यंत्र विकत घेतलं तेव्हा ते शास्त्रासाठीच घेतलं होतं, त्यात वावगं काही नाही. पण खरेदीच्या दिवशीच ठरवायला हवं होतं की याचं आयुष्य संपल्यावर ते कुणी, कुठे, कसं न्यायचं. घेणारे निवृत्त झाले, सांभाळणारे बदलले, आणि चाळीस वर्षांनी नोंदवहीत उरलं ते फक्त 'निरुपयोगी साहित्य'.

चार कप्पे करून बघा

पीटर क्राल्यिच या व्यवस्थापन सल्लागाराने १९८३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये एक लेख लिहिला. कंपन्यांनी सगळी खरेदी एकाच मापाने करू नये, असं त्याचं सांगणं होतं. एका बाजूला त्या खरेदीचं महत्त्व बघा, दुसऱ्या बाजूला पुरवठ्यातली अडचण बघा आणि चार कप्पे करा. त्याचे कप्पे कंपन्यांसाठी होते. आपण आपल्या शाळा-कॉलेजासाठी थोडे वेगळे करू.

पहिला कप्पा स्वस्त आणि बिनधोक वस्तूंचा. खडू, कागद, झाडू, फाईली. यात वेळ घालवू नका. वर्षाचा दर ठरवा आणि मोकळ्या व्हा.

दुसरा, महाग पण सोप्या वस्तूंचा. बाकं, कपाटं, पंखे. विकणारे ढीगभर असतात, माल डोळ्यांनी दिसतो. इथे टेंडर खरं कामाला येतं. दर जितका पाडून घेता येईल तितका घ्या.

तिसरा, स्वस्त पण जोखमीच्या वस्तूंचा. हाच कप्पा आपल्या नजरेतून निसटतो. हॉस्टेलच्या पाण्याच्या यंत्राचा फिल्टर, प्रयोगशाळेतलं ॲसिड आणि ते ठेवायचं कपाट, गीझरची वायर, आग विझवायचं नळकांडं, रात्रपाळीचा वॉचमन पुरवणारी एजन्सी. आजकाल आणखी एक भर पडली आहे. हजेरीचं नाहीतर फीचं एखादं छोटं ॲप येतं, कधी कधी तर फुकट! त्यात मुलींचे फोटो, मोबाईल नंबर, घरचा पत्ता सगळं भरलं जातं. ती माहिती कुठे राहते, कोण बघतं? २०२३ मध्ये देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय, तरी हा प्रश्न कमिटीत विचारला जात नाही. कारण रक्कम शून्य, म्हणून फाईलच नाही.

चौथा कप्पा महाग, गुंतागुंतीच्या आणि जोखमीच्या खरेदीचा. परीक्षेची यंत्रणा, मेसचं वर्षाचं कंत्राट, परदेशातून येणारं मोठं शास्त्रीय उपकरण. असं उपकरण नुसतं आणून ठेवून चालत नाही. त्याला वातानुकूलित खोली लागते, वीज गेली तर बॅटरीची सोय लागते, चालवणारा शिकलेला माणूस लागतो, बिघडलं तर कंपनीचा इंजिनिअर यावा लागतो. बरं, ते एकच कंपनी बनवत असेल तर तीन दरांची तुलना तरी कशाशी करणार? इथे त्या विषयातला जाणकार बसल्याशिवाय सही होता कामा नये.

सहा प्रश्न

सामाजिक कामाच्या निमित्ताने कॉलेजांत जाणं होतं. एका ठिकाणी मुलींच्या स्वच्छतागृहात सॅनिटरी नॅपकिनचं यंत्र बसवलेलं बघितलं. उद्घाटनाची फीत बिचारी तशीच लटकत होती, आत नॅपकिन एकही नाही. का, तर यंत्राची खरेदी झाली, पण ते रोज भरायचं कुणी, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून, आणि वापरलेल्या नॅपकिनची विल्हेवाट कशी, हे मागणीपत्रात कुठेच नव्हतं. अशा वेळी वाटतं, मागणी आली की सही करण्याआधी हे सहा प्रश्न विचारायलाच हवेत.

१. ही वस्तू आली नाही किंवा बिघडली, तर कुणाचं किती नुकसान होईल? चार दिवस गैरसोय, की मुलींचं वर्ष वाया?

२. दुसरीकडून मिळण्याची सोय आहे का? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, शहराचा पाणीपुरवठा कोलमडला होता. २०२१ च्या जुलैतही तेच. लांबच्या शहरातून माल पुरवणाऱ्याला हा प्रश्न आधीच विचारायला नको का?

३. काम किती हातांतून जाणार? जितके हात जास्त, तितक्या निसटायच्या जागा जास्त.

४. पाच वर्षांचा खर्च किती? दुरुस्ती, सुटे भाग, वीज, वार्षिक देखभाल करार. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, हे आता घरोघरी ठाऊक आहे!

५. यात कुणाच्या जिवाचा, अब्रूचा किंवा खासगी माहितीचा प्रश्न आहे का?

६. वापर संपल्यावर ही वस्तू जाणार कुठे?

प्रत्येक प्रश्नाला एक ते तीन गुण द्या. काळजी नाही तर एक, थोडी आहे तर दोन, मोठी आहे तर तीन. बेरीज आठ-नऊच्या आत असेल तर फाईल लवकर सोडा. बारा-तेराच्या वर गेली तर थांबा, जाणकाराला बोलवा, आधी थोड्यावर करून बघा, करारात दंडाचं आणि पर्यायी सोयीचं कलम घाला. आणि पाचव्या प्रश्नाला तीन गुण पडले तर बेरीज बघूच नका, रक्कम कितीही लहान असो.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी उपयोगाचा आहे, हे विसरू नका. अति काळजीही वाईट. खडूच्या डब्याला पाच सह्या लागल्या तर शिकवणं अडतं. मग लोक पळवाट काढतात, मोठ्या खरेदीचे लहान तुकडे करून मर्यादेच्या आत बसवतात. सोप्या खरेदीतून वाचलेला वेळ अवघड खरेदीला मिळाला, तरच दोन्ही कामं नीट होतील.

जोखमीच्या नावाखाली

एक धोका मात्र ध्यानात ठेवायचा. "जोखीम नको" म्हणत टेंडरमध्ये अशा अटी घालता येतात की लहान माणूस दारातच अडतो. अंगणवाडीच्या पोषण आहाराचं आपल्या राज्यातलं प्रकरण आठवा. या कामात ठेकेदार नकोत, शक्यतो गावातले बचत गट आणि महिला मंडळं असावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं होतं. तरी २०१६ च्या टेंडरमधल्या अटी खऱ्याखुऱ्या बचत गटांना झेपणाऱ्या नव्हत्या. वैष्णोराणी महिला बचत गट न्यायालयात गेला आणि २६ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ती टेंडर प्रक्रिया रद्द केली. बचत गटाच्या बायका दिल्लीपर्यंत लढल्या, बघा!

म्हणून अट वाचताना विचारा, ही अट मुलांच्या ताटाची काळजी घेते, की फक्त मोठ्या पुरवठादाराची? स्वच्छ स्वयंपाकघर, तपासलेलं पाणी, अन्नपरवाना या अटी हव्यातच. चटणी-पापड करणाऱ्या गटाकडे कोटींची उलाढाल मागणं हे मात्र जोखीम मोजणं नव्हे. केंद्र सरकारच्या धोरणातसुद्धा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून पंचवीस टक्के खरेदी सांगितली आहे, आणि त्यात तीन टक्के स्त्रियांच्या उद्योगांसाठी आहे. गट चालवणाऱ्या मैत्रिणींनी हे माहीत करून घ्यावं.

कमिटीवर नसलेल्यांनी काय करायचं? २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. मुलीच्या हॉस्टेलमधल्या पाण्याच्या यंत्राचं शेवटचं बिल, फिल्टर बदलल्याची तारीख, मेसच्या करारातल्या अटी, सगळं मागता येतं. एकटीने जमत नसेल तर चार पालक मिळून करा. अर्ज करायच्या आधी एकदा समोर बसून विचारून बघा. पुष्कळदा नुसत्या विचारण्यानेच काम होतं.

आणि पुढच्या बैठकीत तक्ता समोर आला, कमी दराभोवती गोल दिसला, तर पेन हातात घ्यायच्या आधी एवढं जरूर म्हणा, "दर कळला. आता हे बिघडलं तर कुणाचं काय होईल, ते आधी सांगा."